आईची संध्याकाळची आंघोळ

"माणसानं रोज आंघोळ करायची काही गरज नसते," बाळंतपणासाठी निपाणीला आलेल्या माझ्या लेकीनं मोबाईलमधून डोकं वर काढून जाहीर केलं. "आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. रोज साबण लावला की कातडी कोरडी पडते. डॉक्टरच सांगतात."

माझ्या नवऱ्याला इतकं आनंदाचं काही बऱ्याच दिवसांत ऐकायला मिळालं नव्हतं. त्यांची आंघोळ म्हणजे कावळ्याची. बादलीचा आवाज येतो आणि मी चहा गाळेपर्यंत ते आरशासमोर भांग पाडत उभे असतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेवढीही केली नाही, आणि मी विचारल्यावर सरळ लेकीकडं बोट दाखवलं. मी प्राथमिक शाळेत शिकवते. गेली तीस वर्षं दर सोमवारी पोरांची नखं, माना आणि कानामागचा मळ तपासत आले आहे. त्या दिवशी मी बापलेकीला चांगलंच फैलावर घेतलं.

माझी आई मात्र या भांडणात पडली नाही. ती परसात चुलीपुढं बसून स्वतःचं पाणी तापवत होती. घरात गिझर आहे, पण गिझरचं पाणी अंगाला लागत नाही असं तिचं ठाम मत. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. वडील गेल्यापासून ती माझ्याकडंच असते. ती सकाळी एकदा आंघोळ करते आणि संध्याकाळी एकदा. संध्याकाळची डोक्यावरून. रोज. थंडी असो, ताप असो, पाहुणे येऊन दारात उभे असोत, ती आधी न्हाऊन येणार आणि मग माणसांत बसणार.

ही सवय तिला वखारीनं लावली. निपाणीत तंबाखूच्या वखारी होत्या, त्यांतल्या एकीत तिनं तीस-बत्तीस वर्षं तंबाखू चाळली. तोंडाला फडकं बांधून बायका ओळीनं बसायच्या, आणि चाळणीतून उडणारा खकाणा त्यांच्या डोक्यावर, भुवयांवर, पदरावर बसत राहायचा. खकाणा म्हणजे तंबाखूची बारीक धूळ. सुटी झाली की या बायका शिंकत शिंकत गल्लीत शिरायच्या. कोण आलं हे आम्हाला शिंकेवरून कळायचं.

बाकीच्या बायका घरी येऊन हातपाय धुवायच्या आणि चुलीला लागायच्या. आई तसं करायची नाही. आमच्यात बायकांनी डोक्यावरून न्हायचं ते मंगळवारी नाहीतर शुक्रवारी. रोज ओले केस घेऊन फिरणारी बाई गल्लीत ती एकटीच होती. "काय गं, तुझ्या घरात रोज सण असतोय व्हय?" असं तिला कोणी ना कोणी विचारायचंच. ती हसून सोडून द्यायची. वडील मालट्रकवर होते, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरात आम्ही दोघीच. मी शाळेतून येऊन चूल पेटवायची, हंडाभर पाणी तापवायची आणि उंबऱ्यावर तिची वाट बघत बसायची.

आणि ती आली की मला म्हणायची, "लांब हो."

मला त्या दोन शब्दांचा फार राग यायचा. दिवसभर जिची वाट बघितली ती बाई माझ्याकडं न बघता, भिंतीला घासून, माझ्यापासून हातभर अंतर ठेवून न्हाणीत जायची. दुसरीत असताना वर्गात माझा पहिला नंबर आला. पाटीवर बाईंनी खडूनं तसं लिहून दिलं होतं. आईला गल्लीच्या तोंडाशी बघितलं आणि मी पाटी घेऊन पळत सुटले. ती मागं सरली. "शिवू नको! लांब हो म्हणतोय न्हवं!" मी थांबायला गेले आणि दगडावर आपटले. पाटी फुटली, गुडघा फुटला. आईनं मला उचललं नाही. तिनं शेजारच्या आक्कांना हाक मारली, "हिला जरा उचला वो," आणि स्वतः सरळ न्हाणीत गेली. आत पाण्याचा आवाज येत होता आणि मी आक्कांच्या मांडीवर रडत होते.

ओल्या केसांनी बाहेर येऊन तिनं मला जवळ घेतलं, फुंकर घातली, हळद लावली. पण मी अंग ताठ करून बसले होते. हिला मी आवडत नाही, हे मी त्या दिवशी ठरवून टाकलं. पुढं मोठी झाले, शिकले, माझंही लग्न झालं, लेक झाली. वखारीतल्या बायकांना धुळीचा त्रास होतो हे कळायला लागलं. तरी तो निकाल मी मनातून कधी पुसला नाही, हे खरं आहे आणि ते सांगायला मला लाज वाटते.

आईनं वखार सोडूनही आता पंचवीस वर्षं होऊन गेली. संध्याकाळचं न्हाणं मात्र सुटलं नाही.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, लेक बाळंत व्हायच्या आठ दिवस आधी. घरी सोडताना तिथल्या सिस्टरनं आईला बजावलं, "अज्जी, तलेमेले नीरु हाकबेडी." डोक्यावर पाणी घ्यायचं नाही, महिनाभर. आईला कानडी चांगली कळते. तरी तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू सिस्टर चुकून दुसऱ्याच पेशंटशी बोलतेय.

महिनाभर गळ्याखालून आंघोळ. आई काळा चष्मा लावून मुकाट्यानं ते पाळत होती, पण तिचं कशात लक्ष नव्हतं. जेवायला बसली तरी भिंतीकडेला, आमच्यापासून लांब. मला वाटलं, डोळा दुखत असेल.

मग लेकीला मुलगी झाली. नाकीडोळी नीटस, भरपूर जावळाची. लेक दवाखान्यातून आली तेव्हा मी भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि बाळ आईपुढं धरलं. "घे, तुझी पणती आली बघ."

आईनं हात मागं घेतले. "नगं. तूच धर."

"अगं, जरा वेळ तरी घे."

"नगं म्हटलं न्हवं. डोळं बरं न्हाईत माझं."

ती दारातून बाळाकडं बघत राहायची. बाळ रडलं की खोलीच्या उंबऱ्यापर्यंत यायची, मान लांब करून बघायची आणि परत फिरायची. एकदा मी बाहेरून आले तर ती खोलीच्या दाराशी खाली बसली होती. आत लेक झोपली होती, बाळ पाळण्यात एकटंच हुंकार देत होतं, आणि आई दोन्ही हात मांडीखाली दाबून त्याच्याशी लांबूनच बोलत होती. मला बघितल्यावर उठून परसात गेली.

बाराव्या दिवशी बारसं केलं. गल्लीतल्या बायका जमल्या. पाळण्याच्या खालून-वरून बाळ द्यायला-घ्यायला दोघी समोरासमोर उभ्या राहतात. घरातली सगळ्यात मोठी बाई म्हणून सगळ्यांनी आईला पुढं केलं. आई जागची हलली नाही. "माझं डोळं," एवढंच म्हणाली आणि पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात निघून गेली. शेवटी तिच्या जागी शेजारच्या सूनबाई उभ्या राहिल्या.

घुगऱ्या वाटताना कोणीतरी कोणाच्यातरी कानात बोललं. कानात बोलायची आमच्या गल्लीत पद्धत अशी की ते तीन घरांत ऐकू जातं. "पोरगी झाली न्हवं. म्हातारीचं मन हाय पोराकडं."

लेकीनं ते ऐकलं. बायका गेल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"मम्मी, मी परवा बेळगावला सासरी जाते. त्यांना गाडी घेऊन यायला सांगितलंय."

"सव्वा महिना झाल्याशिवाय कोण बाळंतीण घराबाहेर पडते? वेडी आहेस का?"

"जिथं माझ्या पोरीला हातात घ्यायचंही कुणाच्या जिवावर येतं, तिथं तिला ठेवून मी काय करू? आणि आज्जीनं असं करावं? मला लहानपणी तिनंच सांभाळलं ना?"

सांभाळलं होतं. अगदी खरं. वखार सुटल्यावर, रोज न्हाऊन झाल्यावर, लेकीला तिनं कडेवरून खाली ठेवलं नव्हतं. म्हणूनच लेकीला हे जास्त लागलं होतं. एकदा ती या मनानं गेली असती, तर पुन्हा या घरात तिचा पाय पडणं अवघड होतं. माझी लेक माझ्यावर गेली आहे. मनातला निकाल ती पन्नास वर्षं ठेवेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला परसात गाठलं. चुलीपुढं बसून ती शेंगा फोडत होती. मी आवाज खाली ठेवायचा ठरवून गेले होते, पण ते दोन वाक्यंच टिकलं.

"पोरगी झाली म्हणून घेत नाहीस का?"

आईच्या हातातल्या शेंगा सांडल्या. "कोण बोललं असं?"

"अख्खी गल्ली बोलतेय. तुझी नात उद्या घर सोडून निघालीय. काय झालंय तुला? बाळाला हात का लावत नाहीस?"

"डोक्यात धुरळा हाय," आई हळूच म्हणाली. "वीस दिस झालं. डोकं धुतलं न्हाय."

"कसला धुरळा? वखार सोडून पंचवीस वर्षं झाली, आई!"

आणि मग माझ्या तोंडून ते निघून गेलं, जे मी कधी बोलायचं नाही असं ठरवलेलं. "मलासुद्धा तू कधी धड जवळ घेतलं नाहीस. गुडघा फुटला तरी घेतलं नाहीस. आता हिचीही तीच गत करणार आहेस?"

आईनं चष्मा काढला. ऑपरेशनचा डोळा लाल होता. मी म्हटलं, "चष्मा लाव." तिनं लावला नाही.

"तू चार म्हयन्यांची हुतीस," ती म्हणाली. "त्या दिशी वखारीत लई काम हुतं, सोडलंच न्हाय येळंवर. दूध दाटून दाटून छाती दगड झालती. मी दारात आलो तर तू रडून रडून लाल. आक्का म्हणल्या, कवाधरनं रडतीया, घे हिला. मला ऱ्हावलं न्हाय गं. हात न्हाय धुतलं, तोंड न्हाय धुतलं. तशीच घेतली तुला पदराखाली. पदरात, केसांत, छातीवर समदा खकाणा."

मी खाली बसले.

"लई आवडीनं प्यालीस. आन् मग वकाया लागलीस. थांबंचना. हातपाय ढिलं सोडलंस, डोळं फिरवलंस. मी तशीच पळत दवाखान्यात न्हेलं. डाक्टरनं माझा वास घेतला आन् म्हणालं, बाई, हे अंगावर घेऊन लेकराला पाजलंस व्हय? दोन दिस तू तिथं हुतीस. मी दाराभाईर बसलो. आत याचं धाडस झालं न्हाय."

"मला कधी सांगितलं नाहीस ते."

"काय सांगू? आईनंच इख पाजलं म्हणून सांगू?"

माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही. पन्नास वर्षं मी तिच्यावर रुसले होते, आणि तेवढीच वर्षं ती रोज संध्याकाळी स्वतःला घासत होती, मला हात लावायच्या लायकीचं व्हावं म्हणून. मी तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि मोठ्यानं रडले. आई माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेली आणि तिनं तो परत घेतला. तेव्हा मी तिचा हात धरून स्वतःच माझ्या डोक्यावर ठेवला.

मग मी दवाखान्यात फोन लावला. सिस्टरला म्हटलं, काहीही करा, पण आमच्या आईचं डोकं धुवायला पाहिजे. सिस्टर म्हणाली, "मग धुवा की. पार्लरमध्ये धुतात तसं मान मागं करून धुवा. डोळ्यात थेंब गेला नाही पाहिजे. शिकेकाई नको, झोंबंल." मी म्हटलं, हे आधी का नाही सांगितलं? ती म्हणाली, "कुणी विचारलंच नाही. महिनाभर डोकं धुवू नका म्हटलं की सगळ्या आज्ज्या खूष होतात."

लेकीच्या खोलीत गेले तर ती बाळाचे कपडे पिशवीत भरत होती. मी तिला सगळं सांगितलं, जसं आईनं मला सांगितलं तसं. गुळगुळीत करून सांगायला मला येत नाही. ती हातात दुपटं धरून ऐकत राहिली. माझं झाल्यावर तिनं दुपटं परत फडताळात ठेवलं, बाळाचा शाम्पू उचलला आणि म्हणाली, "हा डोळ्यात गेला तरी झोंबत नाही. चल."

दुपारी परसात बाज टाकली. आईला उताणं झोपवलं, मान बाजेच्या कडेवर, खाली घमेलं. डोळ्यांवर दुहेरी पंचा बांधला. पाणी चुलीवरचंच, नाहीतर तिनं ऐकलं नसतं. लेक तांब्यानं पाणी सोडत होती, मी चोळत होते. आईच्या डोक्याला हात लावायची माझी ही पहिलीच वेळ, हे चोळता चोळता माझ्या लक्षात आलं. केस किती विरळ झालेत. कवटी लहान मुलीची असावी तशी हाताला लागत होती. बाळाच्या शाम्पूचा फेस तिच्या पांढऱ्या केसांत दिसतसुद्धा नव्हता.

"पाणी कसं पडतंय?" आईनं पंच्याखालून विचारलं.

वखारीच्या दिवसांत तिच्या डोक्यावरचं पहिलं पाणी काढ्यासारखं पडायचं. मोरीतून ते परसात यायचं आणि मी त्यात काटक्या सोडायची. ते पाणी नितळ होईपर्यंत ती न्हाणीतून बाहेर यायची नाही.

"स्वच्छ आहे," मी म्हटलं.

"नीट बघ."

लेकीनं घमेल्यात वाकून बघितलं. "आज्जी, तळ दिसतोय."

"आन् एक डाव वत."

आठवड्यातून दोनदा पुरे म्हणणाऱ्या माझ्या लेकीनं आणखी एक तांब्या सोडला. मग आणखी एक. चार वेळा धुतलं. चारही वेळा आईनं पाणी कसंय विचारलं आणि चारही वेळा लेकीनं वाकून बघून सांगितलं. पाणी पहिल्या तांब्यापासूनच स्वच्छ होतं.

केस पुसून आई उठली, गळ्याखालची आंघोळ पुन्हा केली, कोपरापर्यंत हात धुतले, धुवट पातळ नेसली आणि खोलीत सतरंजीवर भिंतीला टेकून बसली. लेकीनं बाळाला पाजून तिच्या मांडीत दिलं. आईनं आधी एक बोट लावलं. मग हात. मग हळूहळू उचलून खांद्याशी धरलं, आणि तिच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला, तो कसला ते मला सांगता येणार नाही.

तेवढ्यात बाळानं तिच्या खांद्यावर दूध टाकलं. चांगलं दोन चमचे, फुटलेलं, आंबूस.

आईच्या तोंडावरचं रक्तच उतरलं. "वकली! बघ वकली! घे, धर हिला, लवकर धर!" बाळ तिनं अंगापासून लांब, हवेत धरलं. मी पुढं झाले, पण लेकीनं मला दंडाला धरून थांबवलं. ती स्वतःही उठली नाही.

"आज्जी, ती रोज टाकते. माझ्यावर टाकते, पप्पांवर टाकते, डॉक्टरांवर पण टाकलं तिनं. पोट भरलंय तिचं. तोंड बघ की तिचं."

आईनं बघितलं. ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं, चष्मा वर सारून, अगदी जवळून. बाळाचे हातपाय चालू होते. जांभई दिली, ओठ चाटले, आणि आईच्या पदराची कड मुठीत धरून ठेवली. आई कितीतरी वेळ तिचा श्वास मोजत असल्यासारखी बसली होती. मग तिनं तिला परत खांद्यावर घेतलं, त्याच ओल्या खांद्यावर.

बाळ झोपलं. आई हलली नाही. लेकीनं बेळगावला फोन करून गाडी आणू नका म्हणून सांगितलं. मी बाहेर येऊन परसातली बाज उचलली, घमेलं पालथं घातलं. ऊन उतरलं. नेहमीच्या वेळेला मी चूल पेटवली, हंडा भरला आणि पाणी कढत झाल्यावर खोलीच्या दाराशी जाऊन म्हटलं, "आई, पाणी तापलंय."

आईनं बोट ओठांवर ठेवून मला गप्प केलं. तिच्या खांद्यावर दूध वाळून पांढरं झालं होतं आणि खोलीभर त्याचा आंबूस वास सुटला होता.

"असू दे," ती म्हणाली. "उठंल ही."

त्या संध्याकाळी माझ्या आईनं आंघोळ केली नाही.